सुरंगीच्या कानातले पाखरू

एका राज्यात राजवाडा होता एका कड्यावर आणि सिंहासन समोरच्या कड्यावर. मध्ये खोल दरी, दरीवर लाकडी फळ्यांचा झुलता पूल. नव्या राजाने तो एकट्याने ओलांडावा, मगच मुकुट घालावा, अशी रीत. सिंहासन असे दूर का मांडले, हे कुणी विचारले नव्हते. त्या राज्यात विचारण्याची चालच नव्हती.

तिथला राजा धवलकेतू वृद्ध झाला. त्याची कन्या सुरंगी वयात आली. कन्या गुणाची, पण तिची एक गोष्ट विलक्षण होती. ती जे काम अर्धे टाकी, ते नाहीसे होई. अर्धा विणलेला शेला मागावरून उडून जाई. अर्धी वाजवलेली वीणा सकाळी जागेवर नसे. मग कळे, की वीणा समोरच्या कड्यावरच्या कुंभल मांत्रिकाच्या ओसरीवर आपणहून वाजते आहे आणि शेला त्याच्या खांद्यावर आहे.

आणि सुरंगी पुष्कळ कामे अर्धी टाकी. काम हाती घेतले, की तिच्या आत कुणी बोले, "तुला नाही जमायचे. हसे होईल. राहू दे." आवाज तिचाच, तीच किंचित घोगरी किनार. आपलाच आवाज आपल्याशी खोटे कशाला बोलेल? ती राहू देई.

राज्याभिषेकाचा दिवस उजाडला. कामे तीन नेमलेली होती.

पहिले काम, अबलख घोड्यावर स्वार होणे. सुरंगीने रिकिबीत पाय ठेवला. आवाज म्हणाला, "राणी कोण आणि सोंग कोण, हे घोड्याला कळते." तिने पाय काढून घेतला. घोडा हवेत विरला आणि समोरच्या कड्यावर कुंभलाच्या मांडीखाली खिंकाळला.

दुसरे काम, पूर्वजांची तलवार म्यानातून उपसणे. पाते अर्धे बाहेर आले. आवाज म्हणाला, "सगळे पाहत आहेत." तिने मूठ सोडली. तलवार कुंभलाच्या कमरेला दिसली.

लोकांत कुजबुज झाली. एक म्हातारी गवळण मोठ्याने म्हणाली, "घोडा गेला, तलवार गेली. राज्यही द्यायचंच असेल, तर आधी सांगा बाईसाहेब. म्हशी तरी हलवते."

लोक हसले. राजा हसला नाही. आता तिसरे काम उरले होते, पूल ओलांडणे. सुरंगी अर्ध्या पुलावरून परतली, तर सिंहासन कुंभलाचे होणार होते आणि त्याबरोबर हसणारी ही सगळी माणसेही.

पलीकडून कुंभल ओरडला, "कन्ये, दमलीस. ठेव खाली ते राज्य. आजवर तुझे सगळे मीच तर उचलले."

सुरंगीने पहिल्या फळीवर पाय ठेवला. पूल हलला. आवाज म्हणाला, "मागे फीर. रत्नकेतू इथूनच पडला."

सुरंगी पुढे गेली नाही, मागेही फिरली नाही. तिथेच उभी राहून तिने विचारले, "रत्नकेतू कोण?"



ती लोकांकडे वळली. "हे नाव मी कधी ऐकलेले नाही. मला ठाऊक नाही, ते माझ्याच आवाजाला ठाऊक कसे?"

राजाने मान खाली घातली. गर्दीतून तिची आत्या, कनकावती, पुढे आली.

"रत्नकेतू तुझा थोरला भाऊ. तुझ्या जन्माआधी या पुलावरून पडून गेला. पुढे त्याचे नाव काढू नये, अशी आज्ञा झाली."

"मग मला कुणी सांगितले?"

"बारशाला तुझ्या कानात नाव सांगण्याचा मान माझा. नावासोबत मी एक पाखरू सोडले, मोहरीएवढे. म्हटले, हिला सांभाळ, रत्नकेतूसारखी पुलावरून पडू देऊ नकोस. ते कुंभलाकडून आणले होते."

"त्याने काय मागितले?"

"तू अर्धे टाकशील ते. बाळे, मला वाटले, टाकलेल्याचे मोल ते काय."

सुरंगीला राग यायला हवा होता. तिला नवल वाटले. कानात पाणी गेल्यावर कलती करतात तशी तिने मान कलती केली.

"पाखरा, तू बोलत होतेस?"

"होय."

"माझ्या आवाजात का?"

"आत दुसरा आवाजच नव्हता."

"मी पडेन म्हणालेस. कुठे पडेन?"

पाखरू घोटाळले. पडेल असे म्हणत राहायचे, एवढेच त्याने आपले काम मानले होते. "मला दिसत नाही," ते म्हणाले. "मी कानात असते."

"मग बाहेर ये आणि पाहा."

पाखरू बाहेर आले. उजेडात पंख पसरताच ते चिमणीएवढे झाले. पुलाच्या टोकापर्यंत उडून ते परत तिच्या बोटावर बसले.

"मधल्या तीन फळ्या कुजल्या आहेत. उजव्या दोराचा पीळ सुटला आहे. डावा घट्ट आहे."

"आणि मला जमणार नाही, ते?"

पाखराने पुन्हा पुलाकडे पाहिले, मग तिच्याकडे.

"ते कुठेच दिसत नाही."

सुरंगीने डावा दोर धरला.  कुजक्या फळ्यांपाशी ती थांबली, अंतर नजरेने मोजले आणि लांब टांग टाकली. एक चप्पल दरीत गेली. एकाच चपलेने ती पलीकडे पोहोचली.

कुंभल पांढरा पडला होता. "पाखराला बाहेर कुणी बोलावले?"

"मी."

"आजवर असे कुणी बोलावले नव्हते."

करार कानातल्या पाखराचा होता. कान रिकामा झाला, करारही रिकामा झाला. घोड्याने कुंभलाला गवतात आपटले. तलवार, वीणा, शेला, सगळे आपापल्या जागी परत गेले आणि मांत्रिक पायी डोंगर उतरून गेला. पाखरू दरीवर उडाले आणि स्वतःच्या आवाजात ओरडले. आवाज अगदी कर्कश होता. अलीकडच्या कड्यावर म्हाताऱ्या राजाने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मोठ्याने रत्नकेतूचे नाव घेतले.

सिंहासनापाशी अमात्य उभा होता. तो आदल्या दिवशीच डोंगराच्या फेऱ्याने आला होता. त्याने रीतीचा प्रश्न विचारला, "राज्य करण्यास आपण समर्थ आहात?"

रीतीचे उत्तर 'आहे' असे होते. सुरंगीच्या आत काही हलले, बारीक, 'नसशील' असे. कान तर रिकामा होता. म्हणजे हे तिचे स्वतःचे. तिने त्यालाही विचारले, तुला काय दिसते? आणि नीट ऐकून घेतले.

"अमात्य," ती म्हणाली, "अजून ठाऊक नाही. करता करता कळेल. आधी तीन फळ्या आणि एक दोर लागेल."

शंख वाजले. मुकुट चढला. आणि त्या राज्याच्या नव्या राणीची पहिली आज्ञा सुताराकडे गेली.