न फुगलेली भाकरी

“सर, यातला पहिला नंबर कुठला काढेल, एवढंच सांगा.”

प्रल्हाद बाविस्करने तीन कागद ओट्यावर पसरले. गृहस्थ इंजिनिअर. रविवारी सकाळी सकाळीच अमळनेरला आपल्या जुन्या सरांकडे येऊन थडकला होता. सोबत सातवीतली लेक, तन्मयी. विज्ञान प्रदर्शनासाठी उद्या शाळेत विषय द्यायचा होता आणि पोरगी दोन दिवस एकच धोशा लावून बसली होती : मला भागच घ्यायचा नाही.

अहिरराव सर भाकरी थापत होते. आयुष्यभर विज्ञान शिकवलं. बायको गेल्यापासून स्वतःच्या भाकरी स्वतः करायचे.

“पीठ लागेल कागदांना,” ते म्हणाले.

“लागू द्या हो. हा रोबोटचा हात. हे भूकंपाचं यंत्र. आणि हे ठिबक, मोबाइलवर चालणारं. मोटर, थर्माकोल, सगळं आणून ठेवलंय. भाषणसुद्धा मीच लिहिलंय. हिने फक्त पाठ करायचं. तर तेही बाईसाहेबांना जड जातंय!”

बाईसाहेब तव्याकडे बघत होत्या. डोळे रडून सुजलेले.

सरांनी भाकरी तव्यावर टाकली. वरून पाण्याचा हात फिरवला.

“तुम्हीच नाही का सर, नववीत मला पेरिस्कोप करून दिला होता? जिल्ह्यात पहिला आलो. ढाल अजून घरात आहे.”

“हो. करून दिला.”

तवा चुरचुरला.

“तेव्हा तू काहीतरी विचारत होतास, प्रल्हाद. रोज मागे लागायचास. मी म्हणायचो, आधी प्रदर्शन होऊ दे... काय विचारत होतास रे?”

प्रल्हाद हसला. मग आठवायला लागला.

“विहिरीचं काहीतरी होतं, सर. विहिरीतलं पाणी... की आवाज...”

“आठव.”

नाही आठवलं. एवढा मोठा माणूस, पण चेहरा पार उतरला त्याचा.

“मलाही आठवत नाही,” सर म्हणाले. “मी ऐकलंच नव्हतं. फार वाईट वाटतं रे त्याचं.”

सरांनी तव्यावरची भाकरी उलटली, शेकून उतरवली.

मग सरांनी भिजवलेल्या पिठाचा गोळा शिष्यासमोर परातीत टाकला.

“मळ.”

“मी?”

“मग काय मी? माझी मनगटं दुखतात.”

प्रल्हादने बाह्या सारल्या. दोन्ही हात बरबटले. खिशातला फोन वाजला, तो काढता येईना. वाजून वाजून गप्प बसला बिचारा.

तेवढ्यात पोरगी बोलली. आल्यापासून पहिल्यांदाच.

“आजोबा, पाणी एकाच बाजूला का लावता?”

“अगं, त्याचं असं असतं...” वडील सुरूच झाले.

“मऊ झालं का पीठ?” सरांनी विचारलं.

प्रल्हाद खाली बघून मळू लागला.

“मला माहीत नाही, बाळ,” सर म्हणाले. “आमची ही लावायची, म्हणून मी लावतो.”

“तुम्ही तर सायन्सचे सर ना?”

“होतो ना. सांगू नकोस कुणाला.”

तन्मयी खुदकन हसली. “आणि नाहीच लावलं तर?”

सरांनी थापलेली भाकरी तिच्या हातात दिली.

तिने ती तशीच, कोरडी, तव्यावर टाकली. तिघंही ओणवून बघत राहिले. भाकरीला चिरा पडल्या. उलटली, शेकली, पण फुगायचं नाव नाही. नुसती कडक होत गेली.

“नाही फुगली!” पोरगी आनंदाने ओरडली. “आता दोन्ही बाजूंना लावून बघू? गरम पाणी लावलं तर? बाजरीचीही अशीच होते का हो? थांबा, थांबा, लिहून घेते!”

तिने ठिबकचा कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसली.

प्रल्हादला उत्तर येत होतं. वाफ कुठे कोंडते, पाण्याने वरचं पीठ कसं बसतं, सगळं येत होतं. पार जिभेवर आलं होतं. त्याने तोंड उघडलं...

लेकीकडे बघितलं. जीभ बाहेर काढून लिहीत होती, लहानपणी काढायची तशी. तिला असं शेवटचं कधी बघितलं होतं, तेही त्याला आठवेना.

तोंड मिटून त्याने पुढचा गोळा घेतला.

“तन्मू,” जरा वेळाने तो म्हणाला, “आता कशी करायची, सांग.”

“दोन्ही बाजूंना, पप्पा! पण हळू हं!”

सरांनी ती चिरलेली भाकरी ताटलीत काढली, वर ठेचा ठेवला आणि ताटली प्रल्हादपुढे सरकवली.

“सर, ही तर बिघडलेली...”

“खा. पहिला नंबर आलाय तुझा.”