भैरूची घरातली तालीम

एका गावात एक भोळा भैरू होता. गावात भोळे आणखीही होते, पण ते सांगितलेलं विसरून जायचे, म्हणून त्यांचं निभावून जायचं. भैरू काही विसरत नसे. त्याला जे सांगाल ते तो शब्दन् शब्द ध्यानात ठेवी आणि अगदी तसंच करी. फक्त एका कामाचं सांगणं तो दुसऱ्या कामाला लावी.

त्याचं लग्न झालं तेव्हा गावानं तोंडात बोटं घातली. बायको मिळाली ती हिंदुराव वस्तादांची लेक, मालन. वस्तादांची तालीम नदीपलीकडच्या गावात. तिथल्या लाल मातीत मालन लहानाची मोठी झालेली. सकाळी जोर-बैठका काढल्याशिवाय तिला चहा गोड लागत नसे. तिनं भैरूला का पसंत केलं, हे तिचं तिलाच ठाऊक. कुणी विचारलंच तर म्हणायची, त्यांना खोटं बोलता येत नाही. एवढ्यावर संसार होतो का, असं लोक विचारायचे. होत होता, हे खरं.

अडचण एकच होती. भैरूच्या घरात हातपाय हलवायला जागा नव्हती. मालन जोर काढायला लागली की पाय चुलीपाशी जायचे. लाकडी मुदगल खांद्यावरून फिरवला की मांडणीवरचे डबे खाली यायचे. एकदा तर मुदगल सासूच्या कानाजवळून गेला. सासू बायजाबाई स्वभावानं फार चांगली. त्या दिवसापासून ती घरात भिंतीला धरून चालायला लागली.

पंचमीला मालन माहेरी निघाली, ती सांगूनच निघाली. मागची पडवी रिकामी पडली आहे, तिथं मला घरातली तालीम करून द्या. शहरात लोक घरात जिम करतात, तशी. दिसायला देखणी पाहिजे आणि वापरायला सोयीची पाहिजे. लाल मातीचा छोटा हौद, भिंतींना चुना, समोर आरसा, मुदगल अडकवायला खुंट्या. झालं की निरोप पाठवा. दिवाळीपर्यंत नाही झालं, तर मी बाबांच्या तालमीतच राहते. तिथं पोरींना शिकवायला कुणीतरी हवंच आहे.

मालन गेली आणि घर त्याला खायला उठलं. तो चुलीपुढं आईजवळ जाऊन बसला.

"आई, मालन पायजे."

"मग तालीम कर. मी सांगते तसं कर," आई म्हणाली. तिथंच तिचं चुकलं.

पहिल्यांदा तिनं माळावरून लाल माती आणायला सांगितली. भैरूनं आणली. मातीबरोबर खडे आले, बाभळीचे काटे आले, एक सरडाही आला. सगळं हौदात ओतून भैरू कौतुकानं बघत उभा राहिला. सरडा भिंतीवर चढून तोही बघत बसला.

"आरं, ह्यात पोरगी पडली तर आंग सोलून निघंल," आई म्हणाली. "भाईरनं काय बी आणलं की आदी चाळावं. वर ऱ्हाईल ते फेकावं, खाली पडंल ते घ्यावं."

"चुकलंच माझं. फुडल्या येळंला तसंच करतो."

तालमीला नुसती माती चालत नाही. तिच्यात तेल, ताक, हळद घालून ती मऊ करतात. आईनं भैरूला तेलाताकाला पाठवलं. भैरू एका हातात तेलाचा डबा आणि दुसऱ्या हातात ताकाची घागर घेऊन आला. दारातच थांबला. पिठाची चाळणी मागवून घेतली. तेल चाळलं. ताक चाळलं. खाली पडलं ते घ्यायला वाकला, पण ते अंगणानं आधीच घेतलं होतं. वर लोण्याचा एक गोळा राहिला होता, तो त्यानं नेमानं उकिरड्यावर फेकला.

आई बघायला आली ती अंगणात घसरली आणि तिथंच बसली. बसल्या जागेवरून तिनं सांगितलं, "आरं, असलं काय आणलं की ते मातीत घालावं आन् पायानं तुडवावं. मुरंस्तवर तुडवावं."

"चुकलंच माझं. फुडल्या येळंला तसंच करतो."

तेलताक आईनं पुन्हा आणलं आणि या वेळी आपल्या हातानं मातीत घातलं. मग भैरूला बाजारातून आरसा आणायला धाडलं. आरसा चांगला माणसाएवढा उंच होता. भैरूनं तो लेकरासारखा छातीशी धरून आणला. वाटेत कुठं धक्का लागू दिला नाही. दुकानदार म्हणे, इतकं जपून आरसा नेणारा माणूस त्यानं जन्मात पाहिला नव्हता. घरी आल्यावर भैरूनं आरसा हौदातल्या मातीवर आडवा ठेवला, पायांत जाडजूड वहाणा घातल्या आणि तुडवायला लागला.

आवाज ऐकून आई धावत आली. भैरू घामाघूम झाला होता.

"तेल लगीच मुरलं हुतं आई," तो म्हणाला. "ह्यो मुरंना."

आईनं कपाळाला हात लावला. मग तिनं समजावलं, की काच नाजूक असते. नाजूक वस्तू घरात आली की भिंतीला टेकवून उभी करावी, वरून चादर घालावी आणि तिला अजिबात हलू देऊ नये.

"चुकलंच माझं. फुडल्या येळंला तसंच करतो."

सगळी माती नव्यानं चाळावी लागली. काचेचा शेवटचा कण निघेपर्यंत आईनं पाठ सरळ केली नाही. मग तिनं स्वतःच्या कपाटाचा आरसा काढला आणि पडवीत लावायला दिला. कपाट तिच्या लग्नातलं होतं. आता माझं तोंड बघून काय करायचं, सून बघेल तिचं, असं ती म्हणाली. म्हणताना तिला जरा वाईट वाटलं. पण सून परत यायला हवी, हे तिलाही भैरूइतकंच वाटत होतं.

खुंट्या ठोकायला ज्ञानू सुतार आला, तेव्हा आई दळण आणायला गेली होती. ज्ञानू म्हणजे अंगानं काडी. भैरूनं त्याच्याकडे वरून खालपर्यंत बघितलं आणि ओळखलं, की वस्तू नाजूक आहे. त्यानं ज्ञानूला अलगद उचललं, भिंतीला टेकवून उभं केलं, वरून चादर घातली आणि समोर मांडी ठोकून बसला.

थोड्या वेळानं चादरीतून आवाज आला, की भैरू, खुंट्या कुठं ठोकायच्या?

"हलू नगंस ज्ञानूदा," भैरू मायेनं म्हणाला, "फुटशील."

ज्ञानूला भैरूचे दंड माहीत होते. तो हलला नाही. आई परत आली तेव्हा चादर शिंकत होती.

आईनं ज्ञानूची माफी मागितली, त्याला चहा पाजला आणि तो गेल्यावर भैरूला सांगितलं, "आरं, दारात कोन आलं की गूळपानी द्यावं. या म्हनावं, बसा म्हनावं. वाईच आडवं व्हा, घर तुमचंच हाय म्हनावं."

"चुकलंच माझं. फुडल्या येळंला तसंच करतो."

पुढं ज्ञानूनं खुंट्या ठोकल्या, पण भैरू शेतावर गेल्याची खात्री करून. भिंतींना चुना लागला. खुंट्यांवर मालनचे मुदगल मोठ्यापासून धाकट्यापर्यंत ओळीनं लागले. खिडकीतून सकाळचं ऊन नेमकं हौदावर यायचं आणि आरशामुळं पडवी दुप्पट मोठी दिसायची. बायजाबाई स्वतः दारात उभी राहून बघत बसायची. अशी देखणी खोली त्या घरात कधी झाली नव्हती. निरोप गेला, की या.

वस्ताद आणि मालन यायच्या दिवशी सकाळी आई पाणी भरायला गेली आणि पाटलांची म्हैस दावं तोडून भैरूच्या दारात आली. भैरू लगबगीनं उठला. त्यानं तिला बादलीभर पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. या म्हणाला. म्हैस आत आली. बसा म्हणाला. म्हशीनं ओली, तेलताकाची गार माती बघितली आणि बसली. वाईच आडवं व्हा, घर तुमचंच हाय, असं भैरूनं म्हणायच्या आधीच ती आडवी झाली आणि लोळायला लागली. तेवढ्यात तिला आरशात दुसरी म्हैस दिसली. ती भैरूलाही दिसली. घरी आलेल्या एका पाहुण्याला द्यायचं आणि एकाला नाही, हे त्याला बरं दिसेना. त्यानं आरशापुढंही गूळ धरला. ती म्हैस काही घेईना, तेव्हा ती लाजते आहे असं समजून तो आग्रह करत बसला.

आई आली. भिंतींवर शेपटीनं मारलेली लाल नक्षी तिनं बघितली. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"आरं, हौदात परकं कोन शिरलं तर गूळ देत्यात व्हय? काठी घ्यावी आन् येशीभाईर पिटाळावं."

"चुकलंच माझं. फुडल्या येळंला तसंच करतो."

दोघांनी मिळून भिंती पुसल्या, चुन्याचा हात पुन्हा फिरवला, माती सारखी केली. शेवटचा पोचारा वाळतोय तोच वस्ताद आणि मालन दारात. आई चहा ठेवायला आत गेली.

वस्ताद पडवीत शिरले. त्यांनी भिंती बघितल्या, आरसा बघितला, खुंटीला लोंबकळून बघितलं. आता माती कशी आहे यावर सगळं होतं. वस्तादांनी वहाणा काढल्या आणि ते हौदात उतरले.

भैरूनं काठी उचलली. पण तो अन्याय करणारा माणूस नव्हता. त्यानं आधी रीतसर विचारलं.

"मामा, तुमी ह्या घरातलं का परकं?"

"लेकीच्या घरात बापाचं काय असतंय, पावनं? परकंच की," वस्ताद म्हणाले.

मग विषयच मिटला. ज्या हिंदुरावांची पाठ भल्याभल्या पैलवानांना बघायला मिळाली नव्हती, ती त्या दिवशी सगळ्या गावानं बघितली. पुढं अनवाणी वस्ताद, मागं काठी घेतलेला जावई. वेस आली तसा भैरू थांबला. काठी काखेत धरून त्यानं वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, की मामा, चला, चहा झाला असेल.

वस्ताद वेशीतल्या दगडावर टेकले. धापा टाकता टाकता त्यांना हसू फुटलं आणि ते हसू काही आवरेना. मालन धावत पाठोपाठ आली, तेव्हा ते डोळे पुसत होते.

"माज्या तालमीत येवढी पोरं हायती, पर माती अशी कोन राखत न्हाई," ते म्हणाले. "ह्यानं सासरा बी सोडला न्हाई. पोरी, ऱ्हा हितं. तुजी तालीम चांगल्या हातात हाय."

वस्ताद चहा पिऊन समाधानानं आपल्या गावी गेले. मालन राहिली. बायजाबाईनं देवापुढं साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालननं हौदातली माती कपाळाला लावली. नव्या मातीत पहिली कुस्ती घरच्या माणसांची व्हावी, असं ती म्हणाली आणि तिनं मांडीवर शड्डू ठोकला. भैरूनंही ठोकला. हातात हात दिला. पुढं काय झालं ते भैरूला नीटसं कळलं नाही. त्याला एकदम कौलं दिसायला लागली.

"आता म्या काय करायचं?" त्यानं पडल्या पडल्या विचारलं.

"काय न्हाई. हरलायसा तुमी," मालन म्हणाली आणि हसत अंघोळीला गेली.

हरल्याचं भैरूला काही वाटलं नाही. पण हरलेल्यानं काय करायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो चुलीपुढं गेला. आई पुरण शिजवत होती. सून घरात होती, जिवाला घोर नव्हता. त्या आनंदात तिनं मागचापुढचा विचार न करता सांगून टाकलं.

"हरल्याल्यानं तोंड पाडून बसू नये. जितल्याला फेटा बांधावा, गुलाल टाकावा, खांद्यावर घ्यावं, आन् हलगी लावून वाजतगाजत त्येच्या गावाला पोचवून यावं. कुस्तीची रीतच हाय ती."

या वेळी मात्र भैरूनं शिकवण दुसऱ्या कामाची वाट बघत ठेवली नाही. ज्या कामाची होती त्याच कामाला, तिथल्या तिथं लावली. जन्मात पहिल्यांदाच.

त्यानं आपला लग्नातला फेटा काढून मालनला बांधला. गुलाल टाकला. हलगीवाल्याला बोलावलं आणि मालनला खांद्यावर घेतलं. बायका दारांत आल्या. असं खांद्यावर बसून मिरवताना मालननं आजवर पुरुषच बघितले होते. जिंकलेल्या पोरी मुकाट्यानं घरी जायच्या. तिला भरून आलं. मारुतीच्या देवळाला वळसा घालून परत नेतील, असं तिला वाटलं. देऊळ मागं पडलं, तेव्हा वाटलं, वेशीवरून वळतील. वेस मागं पडली. पूल आला, पूलही मागं पडला. बाबांना दाखवायला नेत असतील, असं म्हणून ती आणखीच सुखावली.

वस्ताद तालमीच्या दारात उभे होते. भैरूनं मालनला त्यांच्यापुढं अलगद उतरवलं आणि हात जोडले.

"मामा, पैलवान पोच केला. येतो."

मालननं डोळ्यांतला गुलाल पुसून बघेपर्यंत हलगी पुलापार गेली होती.

घरी आईनं पानं मांडली होती. सुनेच्या पानात पुरणपोळीवर तूप वाढून ती वाट बघत होती. भैरू गुलालानं माखून आला आणि आनंदानं पाटावर बसला.

"मालन कुठं हाय रं?"

"तिच्या गावाला. वाजतगाजत पोचवली. आई, ह्या येळंला काय बी चुकलं न्हाई."

आईनं तुपाची वाटी खाली ठेवली. मग तिनं हळूच विचारलं, की आता ती परत कधी यायची?

भैरूनं घास हातात धरून विचार केला. रीत त्याला आता पक्की पाठ होती.

"म्या तिकडं जाऊन तिला हरवायची. मंग ती मला खांद्यावर घिऊन हितं पोचवाय येती."

आईनं सुनेचं पान झाकून ठेवलं. भैरू जेवला, हात धुतले, पडवीत गेला आणि आरशासमोर उभा राहून बैठका काढायला लागला. घरातली तालीम अशी वापरात आली.