निळ्या डोक्याचा मासा

एकदा एका खडकाळ किनाऱ्यावर एक वृद्ध वैद्य राहत असत. त्यांच्या हाताखाली शेवंती नावाची शिष्या बारा वर्षे शिकत होती. विद्या तिला सगळी येत होती. पण रोग्याची नाडी पाहून झाली की ती वैद्यांच्या तोंडाकडे पाही आणि ते म्हणतील तेच खरे धरी.

त्या वर्षी वैद्यांच्या बोटांतली संवेदना मंदावू लागली. एका कोळ्याच्या मुलीचा ताप त्यांनी साधा म्हणून सांगितला. शेवंतीला नाडीत काही वेगळे जाणवले होते, तरी ती गप्प राहिली. मुलगी तीन दिवस मरणाच्या दारात होती, कशीबशी वाचली. वैद्य त्यावर कुणाशी काही बोलले नाहीत.

पुढे एका सकाळी, ओहोटीला, ते शेवंतीला प्रवाळांमधल्या एका डोहापाशी घेऊन गेले. नितळ पाण्यात बोटभर लांबीच्या पिवळ्या माशांचा घोळका फिरत होता. त्या सगळ्या माद्या. त्यांच्यात एकच नर होता, अंगाने हिरवा, डोक्याने निळाशार. वैद्यांनी जाळे टाकून नेमका तोच धरला, पाण्याच्या घागरीत घातला आणि दूरच्या खडकांपाशी सोडून दिला. वाटेतली मुंगीही ओलांडून जाणाऱ्या माणसाने एक नांदता संसार का मोडावा, हे शेवंतीला कळेना. तिने विचारले, तेव्हा ते इतकेच म्हणाले, "रोज येऊन बघत जा."

ती बघत गेली. घोळक्यातली सर्वांत मोठी मादी, शेपटीला खाच असलेली, त्याच दिवशी दुपारी इतरांपुढे होऊन पोहू लागली. कुणी घोळका सोडून भरकटली की ती तिला हाकलून परत आणी. तिसऱ्या दिवशी तिचा पिवळा रंग मळका दिसला. पाचव्या दिवशी तोंडाशी निळी झाक आली. शेवंतीला आता डोहावाचून दुसरे काही सुचेना. ऊन कलून मासे कपारीत शिरेपर्यंत ती खडकावर बसून राही. दहाव्या दिवशी निळ्या डोक्याचा एक देखणा नर घोळक्यात फिरत होता. बाहेरून कुणी आला असेल म्हणून तिने वाकून नीट पाहिले. शेपटीला तीच खाच होती. तेवढ्यात तो आणि एक मादी सुरकन वर झेपावले, आणि पाण्यात अंड्यांचा पांढुरका धूर पसरला.

ती धावतच घरी आली.

"बाबा, नर बाहेरून आला नाही. त्या मादीचाच नर झाला. पण हे तिच्यात होतंच, तर इतके दिवस ती का थांबली?"

वैद्य म्हणाले, "जुना नर डोळ्यांसमोर फिरत होता म्हणून. तो असेपर्यंत तिला बदलता येत नाही, असा त्या माशांचा धर्मच आहे. शेवंती, त्या पोरीची नाडी तुला कळली होती. माझी बोटं चुकली, हा माझ्या वयाचा दोष. पण तू बोलली नाहीस, ते मी शेजारी बसलो होतो म्हणून. उद्या मी बहिणीच्या गावी राहायला जातोय."

शेवंतीने विचारले, "आणि मी चुकले तर?"

"चुकशील. मग काय करायचं तेही तूच ठरवशील."

दुसऱ्या दिवशी ते होडीत बसून गेले. पहिल्या आठवड्यात निम्मे लोक, वैद्य नाहीत म्हणताच, अंगणातूनच परत फिरले. शेवंतीने कुणाला अडवले नाही. जे थांबले, त्यांना तिने औषध दिले. त्यांतल्या एका म्हाताऱ्याला दिलेली मात्रा जास्त झाली, असे तिला दुपारी जेवताना वाटले. हात धुऊन ती तशीच निघाली आणि उन्हातून दोन कोस चालत त्याच्या घरी पोहोचली. म्हाताऱ्याने पुडी अजून उघडली नव्हती. तिने ती परत घेतली आणि दुसरी दिली.

त्याच्या सुनेने विचारले, "वैद्यबाबांचा निरोप आला का?"

"नाही," शेवंती म्हणाली, "मला वाटलं."