नदीपलीकडचे साळिंदरआजोबा

फार जुन्या काळी एका माळरानावर पोपटांचा मोठा थवा होता. कुणी काही सांगितलं की पोपट ते बिळाबिळाशी जाऊन बोलत. ज्याचं सांगणं रानभर पोचे, त्याला सगळे ओळखू लागत. एक तरुण ससा त्यासाठी आसुसला होता.

एका सकाळी त्याला तितरीच्या घरट्यात एक सोडून सगळी अंडी फुटलेली दिसली. जवळच साळिंदरआजोबा मुळं उकरत होते. ससा पोपटांना म्हणाला, "आजोबांनी अंडी खाल्ली. मी डोळ्यांनी पाहिलं."

दुपारपर्यंत सशाचं नाव रानभर झालं. संध्याकाळी जनावरांनी आजोबांचं बीळ दगडांनी बुजवलं आणि त्यांना नदीपार हाकललं.

तिसऱ्या दिवशी उरलेलं अंडं खायला घोरपड आली, ती तितरीनं स्वतः पाहिली. ससा हादरला. तो पोपटांकडे धावला. "मी खोटं बोललो, हे सगळ्यांना सांगा!"

"ते आता जुनं झालं," पोपट म्हणाले. "आज मोरांचं भांडण चाललंय."

मग ससा एकटाच बिळाबिळाशी जाऊन खरं सांगत फिरला. कुणी ऐकलं, कुणी जांभई दिली. शेवटी तो नदी पोहून पलीकडे गेला.

"आजोबा, चुकलो मी. घरी चला. तुमचं बीळ मी मोकळं केलंय."

"तू आलास, बरं वाटलं," आजोबा म्हणाले. "पण मी येत नाही. खोटं तू एकटाच बोललास रे. माझ्या दाराशी मात्र सगळे आले होते, आणि एकानंही मला काही विचारलं नाही."