कात्रणांनी फुगलेलं बायबल

“आणि तिनं विचारलं, भिंत पडली तेव्हा देव कुठं होता, तर मी काय सांगू, बाई?”

प्रबोधनं हे तिसऱ्यांदा विचारलं. दीनाबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप जरासं हलवलं, एक खडा काढला आणि अंगणात टाकला.

दीनाबाईंचं सगळं आयुष्य बायबलबाई म्हणून गेलं, खेडोपाडी दारोदार शुभवर्तमान सांगत. आता ऐंशी ओलांडून त्या चर्चमागच्या खोलीत राहत होत्या. प्रबोधला लहानपणी रविवारच्या शब्बाथ शाळेत वचनं पाठ करायला लावली ती त्यांनीच. आता तो याच चर्चचा धर्मगुरू होता आणि सगळी मंडळी त्याला पाळकसाहेब म्हणत असली, तरी बाईंच्या लेखी तो नुसता प्रबोध.

गडी हुशार. रोज सकाळी वर्तमानपत्र उघडायचं, बातमी कापायची आणि उपदेशासाठी तिला बायबलमधलं वचन शोधायचं. पूर आला की नोहा, निवडणूक आली की शौल राजा. कात्रणांनी त्याचं बायबल इतकं फुगलं होतं की रबर लावल्याशिवाय मिटत नसे. लोक खूश होते. तोही होता, खोटं कशाला बोला.

मग महिन्यापूर्वी कांद्याच्या एका गोदामाची भिंत पडली आणि तिच्याखाली शमुवेल हमाल गेला. शमुवेल त्याच्याच मंडळीतला. पुढच्याच रविवारी प्रबोधनं बायबलातल्या शिलोहाच्या बुरुजावर उपदेश केला. बुरूज पडला, अठरा माणसं मेली, हा आपल्यालाही इशारा आहे, पश्चात्ताप करा. चांगला रंगात आला होता. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून शमुवेलची बायको एस्तेर उठली, लेकीचा हात धरला आणि निघून गेली. पुन्हा आली नाही.

तेव्हापासून प्रबोधला चैन नव्हतं. उपदेशाला पुलपिटावर उभं राहिलं की नजर त्या रिकाम्या जागेवर जायची आणि तोंडातलं वाक्य तुटायचं. आणि उद्या पुन्हा रविवार.

तो उठला. अंगणात दोन फेऱ्या मारल्या. फोनवर बातम्या चाळल्या. परत येऊन बसला.

“हे खडे बघा, बाई,” तो एकदम म्हणाला. “असंच पाप आपल्या आयुष्यात...”

“खडे आहेत ते. दाताखाली येतात म्हणून काढते.”

पेन काढायला खिशाकडे गेलेला हात त्यानं मुकाट्यानं खाली घेतला.

“उद्या काय सांगणार आहेस?”

“हरवलेलं मेंढरू.” त्याचा चेहरा जरा उजळला. “मेंढपाळ नव्याण्णव मेंढरं रानात सोडतो आणि त्या एकाला शोधायला निघतो. एस्तेरसाठीच आहे. नाव नाही घेणार. पण ऐकणाऱ्याला कळेल.”

“कोण ऐकणार?”

“मंडळी.”

“आणि ती?”

“ती कुठं येते आता...”

दीनाबाईंचा सुपावरचा हात थांबला. प्रबोधनं आपलंच बोलणं मनात पुन्हा ऐकलं, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“तिच्याकडं गेलास कधी?”

“मातीला होतो ना, बाई. प्रार्थना मीच केली.”

“त्यानंतर?”

“जीव धजत नाही,” तो म्हणाला. “काय तोंड घेऊन जाऊ? तिच्या नवऱ्याचा मी दाखला केला, बाई. माती अजून ओली होती आणि मी त्याचा दाखला केला.”

बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात डबा होता. मातीच्या दिवसापासून रोज संध्याकाळी हा डबा त्या स्वतः एस्तेरच्या घरी पोचवत होत्या. चर्चच्या कंपाउंडात सगळ्यांना माहीत होतं, प्रबोधला नव्हतं. वर्तमानपत्रात आलं नव्हतं ते.

“आज तू ने. पिठलं गरम आहे तोवर.”

त्यानं एक हात पुढे केला. दुसऱ्या हातात बायबल होतं. बाईंनी डबा दिला आणि बायबल धरलं. तो सोडेना. दोघं तसेच उभे राहिले, पोरं पाटीसाठी भांडतात तसे.

“हे नको नेऊ?”

“माझ्याकडं राहू दे.”

त्यानं सोडलं. बाईंनी ते कोनाड्यात ठेवलं. तो पायऱ्या उतरला, फाटकापर्यंत गेला, फाटक उघडलं... आणि पुन्हा वळला.

“पण बाई, तिनं विचारलंच, देव कुठं होता, तर?”

दीनाबाईंनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं होतं.

“तर म्हण, मला यायला उशीर झाला.”