शिळी वीज

धरणाच्या काठी आंबेघोल नावाचे गाव आहे. तिथे केरबा नावाचा एक भोळा माणूस राहत असे. 'भोळा' हा त्याच्या आईचा शब्द. गावाचा शब्द वेगळा होता, पण गाव तो आईसमोर वापरत नसे.

केरबाची स्मरणशक्ती उत्तम होती. त्याला सांगितलेले वाक्य तो कधीही विसरत नसे. ते वाक्य कशाबद्दल होते, एवढेच विसरत असे.

त्याच गावात इंगवलेबाई राहत. त्यांनी एकतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. सांगितलेले अर्धेच ऐकणारी मुले त्यांनी एकतीस वर्षे पाहिली. पूर्ण ऐकणारा एकच विद्यार्थी त्यांना भेटला. तो केरबा. तो सातवीत तीनदा बसला, हा भाग त्या सांगत नसत.

निवृत्त झाल्यावर बाईंनी सगळी पुंजी घालून एक कॅराव्हॅन बांधून घेतली. मोठ्या टेम्पोच्या पाठीवर एक खोली, एवढेच तिचे स्वरूप. आत दोन पलंग, ओटा, लहान फ्रिज आणि न्हाणीघर. न्हाणीघरात दहा लिटरचा गीझर. टपावर सौर पट्ट्या, पलंगाखाली बॅटरी. पट्ट्यांनी दिवसभर ऊन गोळा करायचे, बॅटरीने ते साठवायचे आणि गीझरने ते एका आंघोळीत संपवायचे, अशी एकंदर व्यवस्था होती.

या गाडीत पर्यटक ठेवायचे तर परवाना हवा होता. परवान्यासाठी तपासणी अधिकाऱ्याने गाडीत तीन दिवस राहून बेचाळीस प्रश्नांचा तक्ता भरावा, असा नियम होता. तक्ता चांगला भरला गेला तर बाईंचे म्हातारपण मार्गी लागणार होते. नाही तर ती गाडी परड्यात उभी राहणार होती, आणि तिच्यात कोंबड्या राहणार होत्या.

गाडी सांभाळायला बाईंनी केरबाला ठेवले. केरबाची आई म्हणाली, "बाई, त्याला एका येळी एकच काम सांगा. दोन सांगितली की तो दोनी करतो."

"मी विज्ञान शिकवलंय, काकू," बाई म्हणाल्या. "सूचना नेमकी असली की चूक होत नाही."

सोमवारी दुपारी कारखानीससाहेब आले. ते पाठदुखीने त्रासलेले गृहस्थ होते. त्यांना ऐकायला कमी येई, म्हणून ते कानाला यंत्र लावत. कढत पाण्याने आंघोळ झाल्याशिवाय ते चहाला शिवत नसत आणि कोणाशी बोलतही नसत.

बाईंनी केरबाला सूचना दिली. "साहेब आंघोळीला जातील. बॅटरी लहान आहे. गीझर चालू असेपर्यंत दुसरं एकही यंत्र चालू ठेवायचं नाही."

"एकबी न्हाई," केरबा म्हणाला.

साहेब न्हाणीघरात गेले. केरबाने दिवे बंद केले. पंखा बंद केला. फ्रिज बंद केला. मग त्याने नीट पाहिले. भिंतीवरचे घड्याळ चालू होते. त्याने त्यातला सेल काढला. टेबलावर साहेबांचा संगणक चालू होता आणि त्यावर पहिल्या नऊ प्रश्नांची उत्तरे लिहिलेली होती. त्याने तो बंद केला. शेजारी साहेबांचे कानाचे यंत्र होते. त्यावर बारीक हिरवा दिवा होता. त्याने त्याचाही सेल काढला आणि तो हरवू नये म्हणून परड्यातल्या विटेखाली ठेवला.

साहेब आंघोळ करून आले. पाणी उत्तम होते. पण घड्याळ थांबलेले होते, उत्तरे गेलेली होती आणि आपण काय म्हणतो आहोत हे साहेबांना स्वतःलाही ऐकू येत नव्हते. त्यामुळे ते जे म्हणाले, ते फार मोठ्याने म्हणाले.

बाई धावत आल्या. वीट उचलली गेली. सेल बसवला गेला.

"केरबा," बाई म्हणाल्या, "पाहुण्यांच्या सोयीची गोष्ट त्यांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही. ते जिथे असतील तिथे जाऊन विचारायचं. मगच बंद करायची."

"इचारल्याबिगार न्हाई," केरबा म्हणाला.

संध्याकाळी साहेब धरणाच्या भिंतीवर फिरायला गेले. केरबाने गाडीच्या पाण्याच्या टाकीत नळी सोडली. टाकी भरली. आता नळ बंद करायचा होता. पाणी ही पाहुण्यांची सोय, हे केरबाला ठाऊक होते. तो नळ तसाच ठेवून साहेबांना शोधायला निघाला. धरणाची भिंत दीड मैल लांब आहे. साहेब तिच्या दुसऱ्या टोकाला होते.

"साहेब, टाकी भरलीया. नळ बंद करू का?"

"भरली की करायचा ना बंद. कधी भरली?"

"तुमी घाटावरच्या देवळाजवळ दिसला, तवा."

साहेबांनी मागे पाहिले. देऊळ बरेच लांब होते.

दोघे परतले तेव्हा पाणी टाकीतून परड्यात, परड्यातून भाजीच्या वाफ्यात आणि तिथून शेजाऱ्यांच्या दारात गेले होते. गाडीची मागची दोन चाके चिखलात रुतली होती. साहेबांचा पलंग त्यामुळे असा तिरका झाला की रात्रभर त्यांना डोक्यापेक्षा पाय वर ठेवून झोपावे लागले. पाठीला ते मानवले नाही.

मंगळवारी सकाळी बैल लावून गाडी वर काढली. बाईंनी केरबाला समोर बसवले.

"कोणतीही गोष्ट अगदी काठापर्यंत न्यायची नाही. नेहमी बोटभर जागा सोडायची. किती?"

"बोटभर," केरबा म्हणाला, आणि बोट दाखवले.

त्या दिवशी आभाळ भरलेले होते. ऊन नव्हते. कालच्या आंघोळीने बॅटरी निम्म्यावर आली होती. बाई म्हणाल्या, "घरातून वायर ओढ आणि गाडीचा प्लग लाव. दिवसभर लागलेला राहू दे." आणि त्या निश्चिंत मनाने तालुक्याला गेल्या.

केरबाने वायर ओढली. प्लग भिंतीतल्या खाचांसमोर धरला. मध्ये बोटभर जागा सोडली. प्लग हातात धरून दिवसभर उभे राहणे कठीण होते, म्हणून त्याने खाली एक स्टूल आणि त्यावर तांदळाचा डबा ठेवला व प्लग त्या उंचीवर टेकवला. डब्याचे झाकणही त्याने बोटभर उघडे ठेवले. गाडीचे दार बोटभर उघडे ठेवले. फ्रिजचे दारही.

दुपारी शेजारचे मांजर दारातून आत आले. ते फ्रिजपाशी गेले, दूध हुंगले आणि निघून गेले.

संध्याकाळी बॅटरी संपली. साहेबांना गार पाण्याने पाठ शेकावी लागली, म्हणजे शेकावी लागली नाही. चहा केला, तो फाटला. साहेबांनी कपाकडे बराच वेळ पाहिले आणि तक्त्यात काहीतरी लिहिले. बाई तालुक्याहून आल्या, तेव्हा ते अजून लिहीत होते.

बाईंनी प्लग पाहिला. मग स्टूल पाहिले. मग तांदळाचा डबा पाहिला.

"हे काय आहे?"

"बोटभर हाय, बाई. मोजून."

बाईंनी प्लग स्वतः दाबून बसवला. त्यांनी केरबाला त्याचे कारण समजावले नाही, कारण कारण समजावले की त्याचे एक नवे वाक्य होते, हे त्यांच्या थोडे लक्षात येऊ लागले होते. पण दुधाबद्दल बोलणे भाग होते.

"पाहुण्याला शिळं द्यायचं नाही, केरबा. काल उरलेलं सकाळी आधी ओतून टाकायचं. मग ताजं भरायचं."

"शिळं न्हाई. ताजं," केरबा म्हणाला.

बुधवारी बाई गाडीपासून हलल्या नाहीत. ऊन कडक पडले. प्लगही लागलेला होता. संध्याकाळपर्यंत बॅटरीचा काटा पूर्ण भरल्याच्या खुणेवर गेला. साहेबांची दोनदा आंघोळ झाली. त्यांनी एकदा बाईंना वांग्याच्या भरिताची कृतीही विचारली. तक्त्यातले अडतीस प्रश्न झाले. चार उरले. परवाना आता एका सकाळच्या अंतरावर होता. बाईंनी झोपण्यापूर्वी वायर काढून गुंडाळून ठेवली, कारण तिची आता गरज नव्हती.

गुरुवारी सकाळी बाई दूध आणायला गेल्या.

केरबा उठला. आदल्या दिवशीचे दूध त्याने ओतून टाकले. ते बरोबर होते. मग त्याने गीझरला हात लावला. कोमट होता. आतले पाणी काल तापवलेले होते. त्याने ते झाडांना घातले. मग त्याने बॅटरीचा काटा पाहिला. बॅटरी भरलेली होती, आणि आज ऊन अजून पडायचे होते. म्हणजे आतली सगळी वीज कालची होती.

केरबाला वाईट वाटले. आपण पाहिले नसते तर काय झाले असते, असे त्याच्या मनात आले.

त्याने दिवे लावले. पंखा लावला. रिकामा गीझर लावू नये, हे बाईंनी एकदा सांगितलेले त्याला आठवले, म्हणून तो लावला नाही. या बाबतीत तो दक्ष होता. त्याऐवजी त्याने मिक्सर लावला, इस्त्री लावली आणि पाण्याचा पंप लावून परडे शिंपले. हळूहळू काटा खाली आला. तो शून्यावर टेकला तेव्हा केरबाने सगळी बटणे बंद केली आणि बॅटरीवरून स्वच्छ फडके फिरवले.

कानाचे यंत्र काढून झोपलेल्या साहेबांना यातले काही ऐकू आले नव्हते; ते उठून न्हाणीघरात गेले. नळात राहिलेले थोडे पाणी आले. डोक्याला साबण लावण्यापुरते ते होते. मग ते थांबले. त्यांनी दारातून हात बाहेर काढून टेबलावरचे यंत्र घेतले आणि कानाला लावले.

"केरबा," आतून आवाज आला, "पाणी का येत नाही?"

"पंप बंद हाय, साहेब. वीज न्हाई."

"काल तर बॅटरी भरलेली होती."

"ती कालची. ओतून टाकली."

आत साबणाची वडी खाली पडली.

"काय ओतून टाकलीस?"

"वीज. तुमच्यासारख्या मानसाला शिळी कशी देनार? ऊन वर येऊ द्या. ताजी भरतो."

साहेबांनी आपल्या नोकरीत पुष्कळ जबाब घेतले होते. या जबाबासाठी तक्त्यात रकाना नव्हता.

बाई आल्या. त्यांनी घरामागचा तांब्याचा बंब पेटवला, लाकडे फुंकली आणि दोन बादल्या कढत पाणी स्वतः उचलून गाडीपर्यंत नेले. साहेबांच्या डोळ्यांतला साबण गेला. बाईंच्या डोळ्यांत मात्र धूर राहिला.

साहेब कपडे करेपर्यंत बाई केरबाला घेऊन घराच्या ओट्यावर बसल्या. या खेपेला त्यांनी घाई केली नाही.

"वीज शिळी होत नाही."

"न्हाई व्हत," केरबा म्हणाला. "मग शिळं वळकायचं कसं, बाई?"

हा प्रश्न बाईंना आवडला. इतक्या वर्षांत केरबाने त्यांना विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

"अंदाजाने काहीही टाकायचं नाही. तारीख बघायची. दुधाच्या पिशवीवर असते, पावाच्या पाकिटावर असते. तारीख उलटून गेली असेल तर टाकायचं. उलटली नसेल तर ठेवायचं. तारीखच नसेल तर मला विचारायचं."

"उलटली तर टाकायचं. न्हाई तर ठेवायचं. नसंल तर इचारायचं."

बाईंनी तो नियम मनात उलटसुलट तपासला. त्यात कुठेही फट नव्हती.

साहेब बाहेर आले. कोंबड्या कुठे ठेवायच्या, याचा बाई विचार करत होत्या.

"बाई," साहेब म्हणाले, "तक्त्यात बेचाळीस प्रश्न आहेत. गीझर पाणी तापवतो का? तापवतो. टाकीत पुरेसं पाणी मावतं का? शेजाऱ्यांनाही पुरतं. बॅटरी रिकामी झाल्यावर दिवे जातात का? जातात, मी स्वतः खात्री केली आहे. गाडीने एकही चूक केलेली नाही."

"आणि केरबा?"

"माणसाबद्दल एकही प्रश्न नाही. ही उणीव आहे. मी वर कळवणार आहे. पण तोवर मला परवाना नाकारता येत नाही."

त्यांनी परवाना लिहिला, तारीख घातली, सही केली आणि शिक्का मारला. "मूळ प्रत एकच असते. पर्यटक आत येण्याआधी ती दारावर लावा. हरवली तर तपासणी पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तीन दिवस." हे सांगताना त्यांनी नकळत पाठीवर हात ठेवला. मग ते गेले.

बाईंनी परवाना फायलीत ठेवला. त्याच फायलीत गाडीची नोंदणी होती, विम्याचा कागद होता आणि तपासणीसाठी मागितलेले बाईंचे पदवीचे प्रमाणपत्र होते. दुसऱ्या दिवशी दहा वाजता पहिले पर्यटक यायचे होते. बाईंनी केरबाच्या हातात फाईल दिली आणि म्हणाल्या, "ही नीट सांभाळ. यातच माझं सगळं आहे."

केरबाने ती छातीशी धरली.

शुक्रवारी सकाळी बाईंना बंबाच्या पाण्याने आंघोळ मिळाली. चार दिवस घरातली सगळी ऊब गाडीकडे गेली होती आणि बाई गार पाण्यावर होत्या. आज केरबाने न सांगता बंब पेटवला होता. बाई केस पुसत बाहेर आल्या. त्यांचा चेहरा प्रसन्न होता.

"आज पाणी छान तापलंय, केरबा."

केरबा लाजला.

खालच्या वळणावर पर्यटकांच्या गाडीचा हॉर्न वाजला.

"आण ती फाईल. परवाना दारावर लावू."

केरबाने फाईल आणून दिली. ती हलकी होती. बाईंनी उघडली. मग मिटली. मग पुन्हा उघडली.

"यातले कागद कुठे आहेत?"

"तारखा बगितल्या, बाई. सगळ्यांवर व्हत्या. गाडीच्या कागदावर मागच्या सालची. इम्याच्या बी. तुमच्या पदवीवर तर चाळीस सालामागची. ती सगळ्यात शिळी."

बाईंनी रिकामी फाईल उलटी करून झटकली. "आणि परवाना?"

"तो ताजा व्हता," केरबा म्हणाला. "म्हनून काल न्हाई टाकला. दिसभर संभाळला."

बाईंनी श्वास सोडला. "मग कुठे आहे?"

"आज सकाळी परत बगितला. तारीख कालची." केरबाने बंबाकडे बोट केले. "तुमीच म्हनलासा न्हवं, पानी छान तापलंय."