बुडवलेली जलकुंभी

ज्या पाण्यावर आपण जगतो, त्या पाण्याला फसवता येते काय? उत्तराची घाई करू नका. आधी ऐका.

फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. गावाला तळे एकच. काठावर पाटलाचे मोठे गोठे होते आणि त्यांचे शेणमूत वर्षानुवर्षे तळ्यात वाहत होते. पाणी हिरवे झाले, मासे मरू लागले. उन्हाळ्यापूर्वी तळे निवळले नाही, तर देव आणि घरे सोडून जावे लागणार होते.

मठातील वृद्ध साध्वीने गोठ्यांचा ओघळ शेताकडे वळवायला लावला आणि तळ्यात जलकुंभी सोडली.

पाटील हसला. "माई, घाणीत पाला टाकून पाणी निवळतं होय?"

साध्वी म्हणाली, "शेतात जे अन्न, तेच पाण्यात विष. ही वनस्पती ते विष खाते, पण संपवत नाही, अंगात साठवते. म्हणून वाढली की उपसा आणि शेतात नेऊन गाडा. पाण्यातच कुजली, तर खाल्लेले सारे परत करील."

तळ्याचे कोपरे वाटून घेऊन घरोघरचे लोक आपापला वाटा उपसू लागले. पाटलाचा वाटा सर्वांत मोठा होता. गाड्या जुंपणे त्याच्या जिवावर आले. त्याने गड्यांना आपल्या कोपऱ्यातली जलकुंभी दगड बांधून तळाशी बुडवायला सांगितले.

गडी चाचरला. "धनी, माईंनी शेतात न्यायला सांगितलंय."

"तळं काही चावडीवर साक्ष द्यायला येत नाही. बुडव."

वरून पाणी स्वच्छ दिसले. गावाने देवाला नैवेद्य दाखवला.

मग ऊन चढले. एका पहाटे मासे तोंड वर काढून तडफडताना दिसले. दुपारपर्यंत दुर्गंधी सुटली. साध्वीने सर्वांना काठावर बोलावले. तिचा स्वर चढला नाही.

"कोणीतरी पाला कुजवला आहे. जागा सांगा. तेवढाच कोपरा बांध घालून तोडू. बाकीचे तळे वाचेल. जो जागा सांगणार नाही, त्याने निदान आपल्या कोपऱ्यावर गुरे पाजू नयेत; तिथले पाणी विष झाले आहे."

गड्याने धन्याकडे पाहिले. धन्याने मान फिरवली.

पाटलापुढे पेच पडला. आपल्या कोपऱ्यावर गुरे पाजणे थांबवावे, तर जागा उघड होईल. म्हणून त्याने गुराख्यांना सांगितले, "आपलं पाणी चांगलं आहे. रोजच्यासारखी गुरं पाजा."

त्या कोपऱ्यावर हिरवी साय दाटली होती. गुरे तहानेली होती. ती प्यायली.

सूर्यास्तापर्यंत काठावर एकही गाय उभी राहिली नाही. आता जागा सांगण्याची गरज उरली नव्हती. गावाने कोपरा बांधून तोडला, नवी जलकुंभी सोडली, ती वेळच्या वेळी उपसली, आणि ईश्वरकृपेने तळे वाचले.

पाटलाचे गोधन गेले, पाटीलकी गेली. आणि बांधाआडचा तो कुजका गाळ त्याला मरेपर्यंत स्वतःच्या डोक्यावरून गावाच्या शेतांत वाहावा लागला.

पाप बुडवल्याने बुडत नाही. ते तळाशी कुजते आणि करणाऱ्याचेच घर आधी शोधते.